मछलीचे घराणे : रणथंभोरच्या तळ्यांचा वारसा आणि आपल्या मायेची किंमत

पाणवठा (बोरिवली)

नमस्कार मंडळी. राजस्थानातले रणथंभोरचे जंगल पाहून आलेल्या मुंबईकरांशी बोलताना असे दिसते की मछली या वाघिणीचे नाव बहुतेकांना ठाऊक असते, तिने मगरीशी दिलेली झुंजही ठाऊक असते. पण तिच्यामागे त्या तळ्यांवर कोण आले, कसे आले आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हे फारसे कुणी विचारत नाही. मला त्या झुंजीपेक्षा हा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे जे घडले ते समजून घ्यायचे असेल, तर तिच्या घराण्याचा इतिहास मुळापासून पाहावा लागतो, म्हणून हा धागा काढत आहे.

मछलीचा अधिकृत क्रमांक टी-१६. डाव्या गालावरच्या माशासारख्या खुणेवरून तिला हे नाव मिळाले, आणि तशीच खूण असलेल्या तिच्या आईलाही लोक त्याच नावाने ओळखत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेली ही वाघीण १८ ऑगस्ट २०१६ रोजी वारली, तेव्हा तिचे वय सुमारे १९ वर्षे होते. जंगलातला वाघ बारा ते पंधरा वर्षे जगला तरी पुष्कळ झाले, हे लक्षात घेतले की हे आयुष्य किती लांब होते ते कळते. २००३ साली तिने जवळपास १४ फुटी मगर मारली. पुढे तिचे सुळे गेले, एक डोळा गेला, तरीही ती दीर्घकाळ शिकार करत राहिली. भारत सरकारने २०१३ साली तिच्या नावे विशेष टपाल पाकीट काढले, आणि ती गेली तेव्हा हार घालून तिच्यावर विधिवत अंत्यसंस्कार झाले.

तिने जे मागे ठेवले ते मुख्यतः जमिनीच्या रूपात आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी पदम तलाव, राजबाग आणि मलिक तलाव अशी तीन तळी आहेत. कडक उन्हाळ्यातही तिथे पाणी असते, पाण्यातली वनस्पती खायला सांबर पोटापर्यंत आत उतरतात, काठच्या उंच गवतात चितळ-रानडुकरांची सतत ये-जा असते. पिल्ले वाढवणाऱ्या वाघिणीसाठी याहून चांगली जागा त्या जंगलात शोधून सापडणार नाही. वयात आलेले नर दूर निघून जातात, माद्या मात्र शक्यतो आईच्या हद्दीला लागून किंवा त्याच हद्दीचा लचका तोडून राहतात. त्यामुळे वाघांच्या राज्यात चांगली जमीन लेकीकडे जाते, आणि बहुतेक वेळा ती आईला हुसकावूनच मिळवलेली असते. मछलीला तळ्यांवरून हटवले ते तिच्याच मुलीने, सुंदरीने (टी-१७). सुंदरी २०१३ मध्ये दिसेनाशी झाली आणि तळी तिच्या बहिणीकडे, कृष्णाकडे (टी-१९) आली. कृष्णाची मुलगी अ‍ॅरोहेड (टी-८४) २०१४ ची. तिने आईकडून ती घेतली. पुढे अ‍ॅरोहेडच्या मुली, रिद्धी आणि सिद्धी, वयात आल्या, आपसात भिडल्या, आणि रिद्धीने आईलाही तळ्यांवरून मागे सारले. जिप्सीत बसलेल्या माणसाला हे निष्ठुर वाटते. मला त्यात त्या घराण्याचे बळ दिसते, कारण प्रत्येक पिढीत ती जागा पिल्ले वाढवण्याची ताकद असलेल्या मादीच्याच हातात राहिली.

दुसरा वारसा जंगलाबाहेर गेला. राजस्थानातल्याच सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ शिकाऱ्यांनी पार संपवले होते आणि २००५ पर्यंत ते जगजाहीर झाले. २००८ साली रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ तिथे नेले गेले, आणि त्यांत मछलीची मुलगी, सुंदरी आणि कृष्णाची बहीण टी-१८, होती. तिचा नवा क्रमांक एसटी-२. २०१२ मध्ये ती पिल्लांसह दिसली तेव्हा सरिस्कात पुन्हा वाघ जन्मल्याची खात्री पटली. आज तिथले कितीतरी वाघ तिच्याच वंशातले आहेत. एसटी-२ जानेवारी २०२४ मध्ये, आईसारखीच अतिशय म्हातारी होऊन गेली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले ती. मछलीच्या अखेरच्या वर्षांत तिला जिवंत आमिष दिले जात होते, म्हणजे रेडकू बांधले जात असे. त्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांना ते योग्यच वाटले असेल. अ‍ॅरोहेडला हाडाचा कर्करोग झाला तेव्हा तीच वाट पुन्हा धरली गेली, फक्त या वेळी तिच्यासोबत वाढती पिल्ले होती. तिच्या अखेरच्या हिवाळ्यात मी तिला राजबागेजवळ पाहिले. कातडी खुब्यांवर ताणलेली होती, मागचा डावा पाय टेकताना ती तो किंचित बाहेर फेकत असे, आणि थोडे चालून झाले की आधी पुढचे पाय मोडून मग मागचा भाग हळूच खाली सोडत बसत असे. तिची पिल्ले अंगाने तिच्याएवढी झाली होती. समोर गाड्यांची रांग लागली होती, माणसे बोलत होती, आणि त्या पिल्लांपैकी एकानेही आमच्याकडे मान वळवून पाहिले नाही. गाडीतल्या सगळ्यांना याचा आनंद झाला होता. मला मात्र ते पाहून अस्वस्थ वाटले.

एप्रिल ते जून २०२५ या काळात रणथंभोरमध्ये वाघाच्या हल्ल्यांत तीन माणसे मेली. त्रिनेत्र गणेश मंदिराच्या वाटेवर सात वर्षांचा मुलगा, जोगी महालाजवळ एक वनाधिकारी, आणि किल्ल्यात मंदिराचा पहारेकरी. संशय अ‍ॅरोहेडच्या या पिल्लांवर गेला. त्यांपैकी कनकटी नावाच्या मादीला बेशुद्ध करून कोट्याजवळच्या मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पात हलवले गेले, आणि त्याच दिवशी, १९ जूनला, काही तासांत अ‍ॅरोहेड गेली. मरणाआधी काही दिवस त्या आजारी वाघिणीने मगर मारली होती, म्हणजे शेवटपर्यंत तिच्यात आजीचे रक्त होते.

माझे म्हणणे एवढेच की आपण मछलीवर प्रेम केले ते एक वाघीण म्हणून, आणि त्याची किंमत तिच्या पणतीने मोजली. म्हाताऱ्या किंवा आजारी वाघाला जंगलात खाऊ घालावे का, यावर इथल्या जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

दादरकर

लेख आवडला, पण शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ज्या वाघिणीमुळे सवाई माधोपूरच्या हजारो घरांत चूल पेटली, हॉटेले उभी राहिली, गावातल्या पोरांना गाइड आणि ड्रायव्हर म्हणून पोट भरता आले, तिला म्हातारपणी उपाशी मरू द्यायचे हे माझ्या मनाला पटत नाही. आपण जंगलाच्या चारही बाजूंनी शेती, रस्ते आणि गावे उभी केली. म्हातारा वाघ पूर्वी कुठेतरी दूर, कमी स्पर्धेच्या जागी सरकत असेल. आता त्याला सरकायला जागाच ठेवलेली नाही. मग निसर्गाला निसर्गावर सोडा हे म्हणणे मला जबाबदारी झटकण्यासारखे वाटते. शिवाय मछलीला आमिष दिले म्हणून कुणी माणूस मेला नाही, हेही नोंदवावे.

पाणवठा (बोरिवली)

दादरकर, जागा आपण खाल्ली हे तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. मछलीच्या बाबतीत अनर्थ झाला नाही हेही खरे, आणि त्याचे कारण माझ्या मते असे की तिला आमिष मिळू लागले तेव्हा ती एकटी होती. मरेपर्यंत ती स्वतःपुरती खात राहिली आणि तिच्याकडून पुढे कुणी काही शिकले नाही. अ‍ॅरोहेडच्या पिल्लांचे शिकण्याचे वय त्या काळात गेले. वाघाचे पिल्लू साधारण दीड-दोन वर्षे आईसोबत राहते. दबा कुठे धरायचा, वारा कुठून येतो, कोणाला टाळायचे हे ते याच काळात शिकते. त्या वयात माणूस येतो, गाडी येते, आणि पाठोपाठ बांधलेले जनावर मिळते असे दिसत राहिले, तर माणसाचा वास त्यांच्या मनात कशाशी जोडला जाईल? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीही म्हाताऱ्या आणि जखमी वाघांना जंगलात असे कृत्रिम अन्न देऊ नये असेच सांगते, आणि तिथे कारण दिले आहे ते माणसाशी होणाऱ्या संघर्षाचेच.

कृतज्ञता तर हवीच. ती त्या वाघिणीच्या अखेरच्या दिवसांतली गर्दी हटवून, तिच्या वाटेवरच्या गाड्या थांबवून दाखवता आली असती, असे मला वाटते.

सागवान (मुलुंड, मूळ चंद्रपूर)

या चर्चेत ताडोब्याच्या मायाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. माया (टी-१२) ताडोबा तळे आणि पांढरपौनीच्या परिसराची राणी होती आणि आमच्याकडे तिची कीर्ती मछलीपेक्षा तसूभरही कमी नव्हती. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसली नाही. नोव्हेंबरमध्ये गाभा क्षेत्रात हाडे सापडली, बंगळूरच्या प्रयोगशाळेत डीएनए जुळला आणि ती तीच असल्याचे निश्चित झाले. ना हार, ना अंत्यसंस्कार. जंगलात वाघ जसा जातो तशी ती गेली, आणि मला त्यात तिचा मान अधिक वाटतो.

दुसरी गोष्ट मनावर दगड ठेवून लिहितो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा मायाने बळी घेतला होता. वनखात्यावर दुःखाचा डोंगर कोसळला, तरी मायाला तिच्या जंगलातच राहू दिले गेले, कारण गाभा क्षेत्रात अचानक समोर आलेल्या माणसावर वाघिणीने केलेला तो हल्ला होता. यात्रेकरूंच्या वाटेवर, माणसांच्या वर्दळीत बिनधास्त बसणारा तरुण वाघ ही वेगळी बाब आहे. दोन्हीकडे माणूस गेला, त्यामुळे बाहेरच्याला फरक दिसत नाही. पण वाघाचे काय करायचे हे ठरवताना तोच फरक पाहावा लागतो.

पेंचच्या कॉलरवालीचाही उल्लेख हवा. आठ वेतांत २९ पिल्ले दिलेली ती वाघीण १५ जानेवारी २०२२ रोजी म्हातारपणाने गेली. मध्य भारतातले तिचे घराणे टिकेल याची मला जेवढी खात्री वाटते तेवढी रणथंभोरबद्दल वाटत नाही, कारण पेंचच्या पिल्लांना कान्ह्याकडे आणि इतरत्र जायला अजून जंगलाचे पट्टे शिल्लक आहेत.

रानजाई

सागवान यांनी शेवटी जे लिहिले त्यालाच जोडून. मछलीच्या घराण्याचे कौतुक करताना एक कटू बाजू राहून जाते. एकाच घराण्याने एवढ्याशा जंगलात पिढ्यानपिढ्या राज्य करणे ऐकायला भव्य वाटते, पण रणथंभोर हे चहूकडून तुटलेले बेट आहे आणि तिथे बाहेरून नवे रक्त येत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात रणथंभोरच्या वाघांमध्ये जवळच्या नात्यातल्या संकराचे प्रमाण देशातल्या इतर मोठ्या गटांपेक्षा जास्त आढळले. असा संकर पिढ्यानपिढ्या चालला की पिल्लांची तग धरण्याची आणि रोगाला तोंड देण्याची ताकद घटते. सरिस्कात नेलेले वाघही याच एका साठ्यातले, त्यामुळे दुसरे जंगल भरले तरी रक्त तेच राहिले. तेव्हा या घराण्याला खरोखर काही द्यायचे असेल तर बाहेरचा नर आत येण्याची आणि आतला नर बाहेर जाण्याची सोय द्यावी लागेल.

गिरगावकर

एक शंका विचारतो. कनकटीच्या निर्भयपणाचे सगळे खापर आमिषावर फोडणे कितपत बरोबर आहे? त्रिनेत्र गणेशाला बुधवारी आणि गणेश चतुर्थीला जी अलोट गर्दी होते ती याच जंगलातून चालत जाते. तळ्यांच्या भागात सकाळ-संध्याकाळ सफारीच्या गाड्या असतात. जन्मापासून माणसांचा मेळा पाहणारे पिल्लू आमिष न देताही माणसाला सरावेलच की.

पाणवठा (बोरिवली)

शंका रास्त आहे आणि मी तिला टाळणार नाही. गर्दीला सरावणे आणि माणसाजवळ खाण्याच्या अपेक्षेने येणे या दोन पायऱ्या आहेत. मछली, सुंदरी, कृष्णा या सगळ्या गाड्यांना सरावलेल्याच होत्या. गाडी आली तरी त्या उठत नसत, पण गाडीतून उतरलेल्या माणसाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. म्हणून मी आमिषाला अधिक दोष देतो. तरीही यात्रेची वाट हा त्या जंगलातला फार नाजूक प्रश्न आहे, हे तुमचे म्हणणे योग्यच. पायी जाणाऱ्यांना ठराविक वेळेतच आणि वाहनांतून न्यावे, असे माझे मत आहे. ज्या घरातले सात वर्षांचे लेकरू गेले त्यांच्यापुढे वाघांच्या वंशावळीच्या गप्पा फार पोकळ ठरतात, आणि वाघावर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही जाणीव कायम ठेवायला हवी.

दादरकर

प्रतिसाद वाचून माझे मत थोडे सरकले आहे, पूर्ण बदललेले नाही. पिल्ले सोबत असलेल्या वाघिणीला आमिष देऊ नये, हे मान्य. मात्र वाघ तारेच्या फासात अडकून किंवा गाडीची धडक लागून जखमी झाला, म्हणजे दुखापत माणसाने केली, तर त्याच्यावर उपचार करणे हे आपले कर्तव्यच आहे, यावर मी ठाम आहे.

सागवान (मुलुंड, मूळ चंद्रपूर)

दादरकर, याबाबत तुमच्याशी वाद नाही. फास आपण लावला तर तो आपणच सोडवायचा. पकडून, उपचार करून लवकरात लवकर सोडणे हे बांधलेल्या रेडकापेक्षा कितीतरी बरे, कारण त्यात वाघाला माणसाची आठवण राहिली तर ती भीतीचीच राहते.

रानजाईंच्या मुद्द्यावर आमच्याकडचे एक उदाहरण देतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर २०१९ साली रेडिओ कॉलरसह निघाला. तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेतातून आणि नाल्यांतून फिरत सुमारे ३००० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याला वॉकर हे नाव दिले. एवढ्या प्रवासात त्याला गाडीने उडवले नाही की कुणी विष घातले नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. पण तो जिथे थांबला तिथे एकही वाघीण नव्हती. वाट मिळाली तरी पुढे कुणी भेटायला हवे ना!

कान्हेरी

वॉकरबद्दल वाचून मछलीच्या मुलाची, ब्रोकन टेलची, गोष्ट इथे यायला हवी असे वाटले. तो तिच्या पहिल्या वेतातला नर होता. वयात आल्यावर तो रणथंभोर सोडून दक्षिणेकडे निघाला, शंभराहून अधिक किलोमीटर चालला आणि २००३ साली दर्रा इथे रेल्वेखाली सापडून मेला. ही आपलीच मुंबई-दिल्ली लाइन. मुंबई सेंट्रलहून सवाई माधोपूरला जाणारी गाडी रामगंज मंडीनंतर कोट्याच्या अलीकडे याच दर्ऱ्यातून जाते. आपण तेव्हा खालच्या बर्थवर झोपलेलो असतो.

आज हा दर्रा मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पात आहे. प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. अ‍ॅरोहेडची बहीण लाइटनिंग २०१९ मध्ये तिथेच नेली होती, आणि आता कनकटीही तिथेच आहे. म्हणजे आजीचा भाऊ जिथे स्वतःच्या पायांनी पोहोचला, तिथे मावशीला आणि तिच्यामागून भाचीला बेशुद्ध करून न्यावे लागले. मधली वाट शाबूत असती तर हे इंजेक्शन कदाचित लागलेच नसते.

पाणवठा (बोरिवली)

कान्हेरी, ब्रोकन टेलचा धागा जोडलात ते फार बरे केले. त्या मधल्या वाटेबद्दल थोडी आशादायक माहिती देतो. रणथंभोर आणि मुकुंदरा यांच्यामध्ये बुंदी जिल्ह्यात रामगढ विषधारी आहे, आणि २०२२ साली तोही व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याआधीच, २०२० मध्ये, रणथंभोरचा टी-११५ हा नर आपला आपण चालत तिथे गेला होता. मुंबई-दिल्ली द्रुतगती महामार्ग याच पट्ट्यातून जातो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी ओलांडपूल बांधले आहेत आणि मुकुंदराच्या डोंगराखालून जवळपास ५ किलोमीटरचा बोगदा काढला आहे. आपल्याकडे पेंचच्या महामार्गाखालच्या भुयारी मार्गांतून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत, त्यामुळे राजस्थानातले पूलही वाघ वापरतील असे मानायला आधार आहे. मात्र पुलाच्या दोन्ही टोकांना जंगल राहिले पाहिजे. तिथे हॉटेल उभे राहिले तर पूल असून नसल्यासारखा.

ऑक्टोबरमध्ये तळ्यांचा भाग पुन्हा उघडला की इथले काही सदस्य तिकडे जाणार आहेत, असे कळते. त्यांना विनंती आहे की एक दिवस रामगढ विषधारीसाठी ठेवावा. तिथे वाघ दिसण्याची शक्यता कमी आहे, पण पर्यटक आले तर त्या पट्ट्यातल्या गावांना जंगल राखण्याचा काही मोबदला मिळेल. जाऊन आलात की तिथल्या वाटा, पाणवठे आणि गावकऱ्यांचे म्हणणे याच धाग्यावर लिहा.